हिमालयातून परत आलेले काका

यवतमाळचा मे महिना ज्यांनी होस्टेलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर काढलाय, त्यांना हिमालय का आठवतो हे वेगळं सांगायला नको. दुपारपर्यंत कूलर कोरडा पडतो, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहाला चालेल इतकं तापतं आणि रात्री मेसमधून परत आलं की कुणाच्या तरी मोबाईलवर केदारनाथ, मनाली नाहीतर पँगाँगचं निळंशार तळं सुरू असतं. मग सगळ्याजणी मिळून ट्रिपचा प्लॅन करतात, आणि जूनमध्ये तो आपोआप विसरतात.

गेल्या वर्षी मात्र मी तो विसरले नव्हते. चौथ्या सेमिस्टरला माझे दोन विषय बॅकला गेले होते. दहावी-बारावीला नव्वदच्या खाली न आलेल्या मुलीला हे घरी सांगायचं कसं, ते कळत नव्हतं. सांगितलंच नाही. सगळं सोडून पहाडातल्या एखाद्या गावात जाऊन राहावं, एखाद्या चहाच्या टपरीवर कपबशा विसळाव्यात, असं खरोखर मनात येत होतं. हसू नका, मी गाडीचं वेळापत्रकसुद्धा काढून ठेवलं होतं.

अशा मनःस्थितीत सुट्टीला दारव्ह्याला गेले आणि आबांची लोखंडी पेटी आवरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आबांनी तरुणपणी वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या हिंदी परीक्षा दिल्या होत्या. त्या वेळची पुस्तकं पेटीत होती. त्यात एक पिवळं पडलेलं पुस्तक निघालं, 'हिमालय की यात्रा'. लेखक काका कालेलकर. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, मला वाटलं कोणी हिंदी लेखक असतील. आबा म्हणाले, अगं, आपला साताऱ्याचा माणूस तो. पुस्तक मूळ गुजराती, मी वाचलं हिंदीतून आणि त्याबद्दल लिहितेय मराठीत! पण काकांची गोष्टच अशी आहे की त्यात हे शोभून दिसतं.

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी साताऱ्यात झाला. घराणं मूळचं सावंतवाडीजवळच्या कालेली गावचं, त्यावरून आडनाव कालेलकर. वडील सरकारी हिशेबखात्यात. त्यांच्या बदल्यांमुळे आणि कामाच्या फिरतीमुळे लहानपणीच सातारा, कारवार, बेळगाव, धारवाड अशी गावं पाहून झाली. साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णा आणि वेण्णा भेटतात. कारवारला समुद्र. बेळगावजवळच्या बेळगुंदीला मार्कंडी नावाची छोटीशी नदी. ही सगळी पाणी त्यांच्या मनात जी साठून राहिली ती कायमची. पुढे नद्यांवर त्यांनी 'लोकमाता' नावाचं पुस्तकच लिहिलं.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९०७ मध्ये ते बी.ए. झाले. तो काळ टिळकांचा. नोकरी करून स्वस्थ बसायचं त्या पिढीच्या मनातच नव्हतं. काही काळ बेळगावच्या गणेश विद्यालयात शिकवलं, मुंबईच्या 'राष्ट्रमत' दैनिकात काम केलं आणि १९१० मध्ये ते बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षक झाले. ही राष्ट्रीय शाळा. तिथे मुलं शिक्षकांना सर वगैरे म्हणत नसत, घरच्यासारखं मामा, अण्णा, काका म्हणत. दत्तात्रेय कालेलकरांच्या वाट्याला 'काका' आलं. मुलांनी दिलेलं हे नाव जन्मभर टिकलं, इतकं की मूळ नाव लोक विसरले.

पण सरकारची नजर अशा शाळांवर होतीच. १९१२ मध्ये गंगनाथ विद्यालय बंद पडलं. ज्याच्यासाठी घरदार, करिअर बाजूला ठेवलं तेच संपलं. वय २६. घरी पत्नी आणि लहान मुलं. पुढे काय, माहीत नाही. हे वाचताना मी पेटी आवरायची थांबले. कारण या माणसानेही तेच केलं, जे मी करणार होते. सगळं मागे ठेवून तो हिमालयात निघून गेला.

अर्थात माझ्यात आणि त्यांच्यात फरक होता. मी लपायला निघाले होते, ते साधना करायला. बरोबर दोन सोबती, अनंतबुवा मर्ढेकर आणि स्वामी आनंद. हे स्वामी आनंद म्हणजे पुढे गांधीजींचं 'नवजीवन' सांभाळणारे आणि गुजरातीतले नामवंत लेखक. तिघेही पायी चालले. आज आपल्याला पायी म्हटलं की गौरीकुंडापासून केदारनाथपर्यंतचे सोळाएक किलोमीटर आठवतात, आणि त्यातही हेलिकॉप्टरची चौकशी आधी होते. १९१२ मध्ये रेल्वे काठगोदामला संपायची, तिकडे हरिद्वार-डेहराडूनला संपायची. पुढचा सगळा पहाड पायाखाली घालायचा. काठगोदामहून अल्मोड्याकडे जाणारा भीमतालच्या तळ्यावरून वर चढायचा. आणि यमुनोत्री, गंगोत्री, केदार, बदरी करायचं तर महिना-दीड महिना सहज जायचा.

काका अल्मोड्याला गेले आणि चारही धामं त्यांनी केली. या वाटांची उंची बघा. आपलं यवतमाळ समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. यमुनोत्री आणि गंगोत्री तीन हजारांच्या वर, केदारनाथ साडेतीन हजारांच्या वर. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायचं तर मधली धार ओलांडावी लागते. त्या काळी गंगोत्रीहून केदारला जाणारे यात्रेकरू बुढाकेदार, पंवाली, त्रियुगीनारायण या वाटेने जात. पंवाली म्हणजे झाडांची हद्द संपल्यावर लागणारं उंचावरचं गवताळ पठार, पावसाळ्यात फुलांनी भरणारं. दर काही मैलांवर 'चट्टी' असायची. चट्टी म्हणजे गवताने शाकारलेली पडवी आणि एक दुकान. दुकानदाराकडून पीठ-डाळ घेतली की भांडी आणि झोपायला जागा फुकट. ज्याच्याकडे पैसे नसत त्याला बाबा काली कमलीवाल्यांच्या धर्मशाळेत शिधा मिळे. बदरीनाथच्या पलीकडे माणा हे गाव. तिथले लोक उन्हाळ्यात तिबेटशी व्यापार करायचे आणि बर्फ पडायच्या आत अख्खं गाव खाली उतरायचं. तो व्यापार १९६२ च्या युद्धानंतर बंद पडला.

हे सगळं पायी पाहिल्यामुळे एक गोष्ट होते. नदी आपल्याला खिडकीतून सर्रकन निघून जाताना दिसत नाही. ती दिवसेंदिवस बरोबर असते. कुठे तिचा आवाज बदलतो, कुठे दरड कोसळून तिने वाट बदललीय, कुठल्या गावाने शेतं कशी पायऱ्यापायऱ्यांनी रचलीत, हे चालणाऱ्यालाच दिसतं. काकांच्या पुस्तकात मला हे पाहणंच जास्त भावलं. देवळाच्या दर्शनाइतकंच वाटेतल्या माणसांचं, झाडांचं आणि पाण्याचं दर्शन त्यांना महत्त्वाचं वाटतं.

आम्ही सिव्हिलवाले, त्यामुळे इथे जरा आमच्या खात्यातलं सांगते. बदरीनाथच्या वाटेवर चमोलीच्या अलीकडे-पलीकडे बिरही नावाची नदी अलकनंदेला मिळते. १८९३ च्या सप्टेंबरमध्ये तिच्या खोऱ्यात अख्खा डोंगर कोसळला आणि नदी अडून मोठं तळं तयार झालं, गोहनाताल. दिसायला सुंदर, पण खालच्या गावांच्या डोक्यावर टांगलेलं. तिथल्या इंजिनिअरांनी पाणी रोज किती चढतं ते मोजलं, तळं साधारण कधी भरून वाहील त्याचं गणित मांडलं, खाली खोऱ्यात तारेची लाईन टाकली आणि लोकांना वर हलवलं. २५-२६ ऑगस्ट १८९४ ला बांध फुटला. गढवालचं श्रीनगर उद्ध्वस्त झालं, पण माणसं वाचली. गेली ती सांगूनही परत खाली गेलेल्या एकाच कुटुंबातली पाचजणं. काका त्या मुलखातून गेले ते यानंतर फक्त अठरा वर्षांनी.

आता दुसरं तळं. केदारनाथच्या वर सुमारे दोन किलोमीटरवर हिमनदीच्या कडेला चोराबारी ताल होता. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग तिथे विसर्जित केला, म्हणून त्याला गांधी सरोवर म्हणू लागले. जून २०१३ मध्ये प्रचंड पाऊस झाला, बर्फ वितळला आणि १७ तारखेच्या सकाळी या तळ्याचा दगडमातीचा काठ फुटला. तळं काही मिनिटांत रिकामं झालं. खाली हजारो माणसं गेली. एकशे एकोणीस वर्षांपूर्वी तारेवर जे जमलं, ते मोबाईलच्या काळात जमलं नाही, कारण त्या तळ्याकडे रोज बघणारं कोणी नव्हतं. हे वाचल्यावर फ्लुइड मेकॅनिक्स हा विषय मला प्रथमच पुस्तकाबाहेर दिसला. बॅक राहिलेल्या दोन विषयांतला तो एक होता, हेही कबूल करते.

असो. मुद्दा काकांचा. ते वर गेले खरे, पण तिथे राहिले नाहीत. मोक्षाच्या शोधात गेलेला हा माणूस, देश पारतंत्र्यात असताना एकट्याच्या मोक्षाला अर्थ नाही असं ठरवून खाली उतरला. १९१३ मध्ये आचार्य कृपलानींबरोबर ब्रह्मदेश पाहिला. मग रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात गेले. तिथे फेब्रुवारी १९१५ मध्ये नुकतेच दक्षिण आफ्रिकेहून परतलेले गांधीजी भेटले आणि काकांची वाट ठरली. ते अहमदाबादच्या आश्रमात दाखल झाले आणि पुन्हा शिक्षक झाले. म्हणजे बंद पडलेल्या शाळेतून निघून, सगळा हिमालय फिरून, ते परत शाळेतच आले!

आश्रमातली मुलं गुजराती. काकांची मातृभाषा मराठी. त्यांनी गुजराती शिकून घेतली आणि त्या मुलांच्या हस्तलिखित मासिकासाठी हिमालयाच्या आठवणी लिहायला घेतल्या. त्याचंच १९२४ मध्ये पुस्तक झालं. गुजराती भाषेतल्या उत्तम प्रवासवर्णनांत आजही त्याचं नाव घेतलं जातं. त्यांची गुजराती इतकी चांगली झाली की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' केलं. गुजराती शुद्धलेखनाचा जो प्रमाण कोश १९२९ मध्ये गुजरात विद्यापीठाने काढला, त्याच्या कामातही हा मराठी माणूस होता. मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाला घाबरणाऱ्या माझ्यासारखीला यातून बराच धीर आला.

पुढचं आयुष्य भराभर सांगते. गुजरात विद्यापीठाचं काम, अनेकदा तुरुंगवास, १९३० मध्ये येरवड्याला गांधीजींच्या सोबत. १९३६ मध्ये वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली, तेव्हा हिंदीच्या कामासाठी काका वर्ध्यात राहिले. तिथली काकावाडी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. म्हणजे आपल्या कळंब-देवळी रस्त्याने गेलं तर दीड-दोन तासांवर! मी त्या रस्त्याने कितीदा गेलेय, पण कधी कोणी सांगितलं नव्हतं. १९५२ ते १९६४ ते राज्यसभेत होते. १९५३ मध्ये नेमलेल्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे ते अध्यक्ष. आयोगाने १९५५ मध्ये २,३९९ जातींची यादी दिली, आणि अहवाल पाठवताना काकांनी जातीच्या आधारावरच्या शिफारशींविषयी आपला मतभेदही कळवून टाकला. त्यावरून त्यांच्यावर टीका झाली, आजही होते. १९६४ मध्ये पद्मविभूषण, १९६५ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार. आफ्रिका, जपान असं फिरणं म्हातारपणापर्यंत चालूच. २१ ऑगस्ट १९८१ रोजी, पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले.

काका ज्या पुलाच्या काळात लक्ष्मणझुल्याला गंगा ओलांडत असतील तो पूल १९२४ च्या पुरात वाहून गेला. त्यानंतर १९३० मध्ये झालेला पूल २०१९ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला. यमुनोत्रीच्या वाटेवर सिलक्याराचा बोगदा होतोय. १२ नोव्हेंबर २०२३ ला तो आत ढासळला आणि ४१ कामगार सतरा दिवस अडकले. मोठी यंत्रं मोडली, शेवटचे काही मीटर माणसांनी हाताने खणले आणि सगळे सुखरूप बाहेर आले. उद्या त्या पहाडात रस्ते, पूल, बोगदे बांधायला आपल्यापैकीच कोणीतरी जाणार आहे. जाण्याआधी त्याने ते खोरं एकदा तरी पायी पाहावं, एवढंच मला वाटतं.

माझं म्हणाल तर त्या रात्री मी आबांना बॅकचं सांगितलं. आबा रागावले नाहीत. पुस्तक पुरं झालं का, एवढंच विचारलं आणि बाबांना सांगायला स्वतः माझ्याबरोबर आले. बाबा मात्र दोन दिवस बोलले नाहीत. हिवाळी परीक्षेत फ्लुइड निघालं. दुसरा विषय अजून बाकी आहे, हा अंक तुमच्या हातात येईल तेव्हा बहुतेक मी तोच घोकत असेन. गाडीचं वेळापत्रक मी फाडलेलं नाही. फायनल इयर झालं की जाणार आहे, आणि जमेल तिथवर पायीच. फक्त आता परतीचं तिकीटही काढून.

– तृतीय वर्ष, सिव्हिल