डॉ. झाकीर हुसेन : हाडाचे शिक्षक

मुलांनो, 'अब्बू खाँ की बकरी' ही गोष्ट तुम्ही उर्दूत वाचली असेल. दोरीने बांधून राहणे नको असलेली ती चांदनी बकरी आठवते ना? ही गोष्ट लिहिणारे डॉ. झाकीर हुसेन पुढे भारताचे राष्ट्रपती झाले. पण त्याआधी ते हाडाचे शिक्षक होते.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. वडील लवकर वारले. इटावा व अलीगढ येथे त्यांचे शिक्षण झाले. १९२० साली असहकाराच्या चळवळीत त्यांनी सरकारी मदतीवर चालणारे कॉलेज सोडले व जामिया मिल्लिया इस्लामियाच्या स्थापनेत भाग घेतला. पुढे ते अर्थशास्त्र शिकण्यासाठी जर्मनीला गेले. बर्लिनच्या छापखान्यात गालिबचा दीवान छापताना त्यांनी स्वतः खिळे जुळवले. हाताला शाई लागली, तरी त्यांना त्याची लाज वाटली नाही.

इकडे पैशांअभावी जामिया बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा १९२६ साली झाकीरसाहेब परत आले आणि वयाच्या २९ व्या वर्षी शेखुल जामिया, म्हणजे कुलगुरू झाले. तुटपुंज्या पगारावर त्यांनी २२ वर्षे ही संस्था सांभाळली.

जामियाच्या शाळेत मुले स्वतःची बँक व दुकान चालवत. विचार करा, दुकान चालवायचे तर काय काय करावे लागेल? माल किती आणायचा, भाव काय ठेवायचा, हिशेब कसा लिहायचा, हे सारे ठरवावे लागेल. म्हणजे गणित व भाषा आपोआप कामाला लागतील. १९३५ साली ओखला येथे नव्या इमारतीची कोनशिला बसवण्याचा मान कोणा पुढाऱ्याला नव्हे, तर सर्वांत लहान विद्यार्थ्याला मिळाला!

१९३७ साली महात्मा गांधींनी वर्धा येथे शिक्षण परिषद भरवली. हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाकीरसाहेब होते. मात्र हाताचे कोणतेही काम म्हणजे शिक्षण, असे ते मानत नसत. मुलाने आधी विचार करावा, योजना आखावी, काम पुरे करावे आणि शेवटी आपले काम आपणच तपासावे, असा त्यांचा आग्रह होता. नुसते सांगितलेले काम उरकल्याने हात थकतात. बुद्धी वाढत नाही.

१९६७ साली ते राष्ट्रपती झाले. ३ मे १९६९ रोजी, पदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. जामियाच्या आवारातच त्यांची कबर आहे.

मुलांनो, यापुढे चित्र काढताना किंवा निबंध लिहिताना शेजारच्या वहीत पाहू नका. आधी स्वतः विचार करा, मग हात चालवा आणि शेवटी आपली चूक आपणच शोधा. झाकीरसाहेबांना हेच हवे होते.