हातघाईचा मास्तर

शांघायच्या म्युनिसिपल पोलिसात १९०७ साली २२ वर्षांचा एक इंग्रज दाखल झाला. त्याचे नाव विल्यम फेअरबेर्न. नोकरीच्या सुरुवातीलाच गुंडांनी त्याला बेदम मारले, अशी हकिगत सांगतात. खरे ते एवढे की, या माणसाने पुढे उभे आयुष्य हातघाईच्या शास्त्राला वाहिले. टोकियोच्या कोडोकान संस्थेचा ज्यूदोतला काळा पट्टाही त्याने मिळवला.

३० मे १९२५ रोजी शांघायच्या नानकिंग रस्त्यावर पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. झाडणाऱ्यांत आपल्याकडून गेलेले शीख शिपाईही होते. माणसे मेली आणि चीनभर संतापाची लाट उसळली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या दंगलविरोधी तुकडीची धुरा फेअरबेर्नकडे आली.

त्याचे निरीक्षण साधे होते. चकमकी घडतात त्या चार-दोन पावलांवर, अपुऱ्या उजेडात आणि क्षणार्धात. मग उन्हातल्या मैदानावर सावकाश नेम धरून काय उपयोग? त्याने शिपायांना अंधारलेल्या घरात सोडले. कोपऱ्यातून अचानक पुतळे उभे राहात. काहींवर गोळी झाडायची, काहींवर नाही. घाबरलेल्या माणसाला शंभर डाव आठवत नाहीत, घोटून घेतलेले चार-सहाच आठवतात, हे त्याने ओळखले होते.

१९४० नंतर त्याने स्कॉटलंडमध्ये ब्रिटिश कमांडोंना आणि पुढे कॅनडातल्या छावणीत हेरांना शिकवले. सहकारी एरिक साइक्सच्या जोडीने घडवलेला खंजीर दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाला. हे शिक्षण सरळसरळ जीव घेण्याचे होते. ते झाकण्यात अर्थ नाही. पण १९४२ मध्ये याच माणसाने स्त्रिया व मुलींसाठी पुस्तक लिहिले. त्यात धरलेले मनगट कसे सोडवावे, हातातली छत्री कशी वापरावी, असे रोजच्या जिण्यातले धडे आहेत.

१९६० साली तो वारला. आपल्याकडे आज शाळाशाळांतून मुलींसाठी स्वसंरक्षणाची शिबिरे भरतात. लख्ख उजेडात, समजूतदार जोडीदाराबरोबर, दोन दिवसांत वीस डाव शिकवले जातात आणि टाळ्या पडतात. पुढच्या महिन्यात त्यातला एकही आठवत नाही. खंजीर सैनिकाकडेच राहू द्यावा. नागरिकाने घ्यायचे ते एवढेच: आजूबाजूला लक्ष, अंतर राखणे, मोकळेपणाने ओरडणे, दोन-तीन सुटका आणि त्यांचा नित्य सराव. सैनिकाला जिंकायचे असते. आपल्या लेकीला सुखरूप घरी यायचे असते.