दिवेवाली बाई : फ्लॉरेन्स नाइटिंगेल



फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची जयंती १२ मे रोजी असते. त्या दिवशी जगभर परिचारिका दिन पाळतात. पण मे महिन्यात आपली शाळा बंद असते, त्यामुळे आपल्या भित्तिपत्रकात त्यांच्याविषयी कधी काही येतच नाही. पुण्यतिथी मात्र १३ ऑगस्टला असते, नि तेव्हा शाळा चालू असते. म्हणून बाईंना विचारून मी हा लेख लिहायला घेतला. माझी थोरली ताई जिल्ह्याच्या गावी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुष्कळशी माहिती मला तिच्याकडूनच मिळाली.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी झाला. आईवडील इंग्लंडचे, पण तेव्हा ते इटली देशात फिरायला गेले होते. फ्लॉरेन्स नावाच्या शहरात मुलगी झाली म्हणून तेच नाव ठेवले. तिच्या मोठ्या बहिणीचा जन्म नेपल्स शहरातला. तिला त्या शहराचे जुने ग्रीक नाव दिले, पार्थेनोपी. आपल्याकडे कुणी मुलीचे नाव सातारा किंवा नाशिक ठेवील का? पण त्यांच्याकडे ठेवले खरे.

घर फार श्रीमंत होते. इंग्लंडमध्ये त्यांचे दोन मोठाले वाडे होते, एक उन्हाळ्यासाठी आणि एक बाकीच्या दिवसांसाठी. वडिलांनी दोघी मुलींना घरीच शिकवले. लॅटिन, ग्रीक, इतिहास, सगळे. फ्लॉरेन्सला गणिताची भारी आवड. आकडे मांडायचे, तक्ते करायचे, हे तिला लहानपणापासून आवडे. पुढे त्याचा मोठाच उपयोग झाला, ते पुढे येईलच.

सतरा वर्षांची होण्याआधीच, १८३७ साली, तिला वाटू लागले की देवाने आपल्याला काही सेवेसाठी बोलावले आहे. कसली सेवा, ते कळायला आणखी काही वर्षे गेली. आजूबाजूच्या गरिबांच्या घरी जाऊन ती आजारी माणसांचे करू लागली, तेव्हा तिने ठरवले की आपण नर्स व्हायचे. १८४५ साली तिने घरी सांगितले की जवळच्या सॅलिसबरी गावच्या दवाखान्यात मला काही महिने शिकायला जाऊ द्या.

घरात एकदम हलकल्लोळ झाला. आई रागावली, बहीण आजारी पडली, वडील गप्प झाले. आणि खरे सांगायचे तर त्यांचेही अगदीच चुकले नव्हते. त्या काळी इंग्लंडमध्ये दवाखान्यात काम करणाऱ्या बायकांना कसलेच शिक्षण नसे. पुष्कळ जणी दारू पीत. वॉर्डमध्ये अस्वच्छता असे, दुर्गंधी असे. चांगल्या घरचे लोक दवाखान्यात जातच नसत, डॉक्टरला घरी बोलावत. अशा ठिकाणी लाडाकोडात वाढलेली मुलगी कोण पाठवील?

आमच्याकडेसुद्धा ताईचा फॉर्म भरायच्या वेळी असेच झाले होते. आजीचे म्हणणे, परक्या लोकांची घाण काढायला आमची पोर कशाला? चुलत्यांचे म्हणणे, रात्रपाळी करणाऱ्या मुलीला स्थळे येत नाहीत. दादा काहीच बोलत नव्हते. शेवटी आपल्या उपकेंद्राच्या सिस्टरबाई घरी येऊन बसल्या नि दोन तास दादांशी बोलल्या, तेव्हा कुठे सही झाली. फ्लॉरेन्सला मात्र अशी कुणी सिस्टरबाई भेटली नाही. तिला तब्बल आठ वर्षे थांबावे लागले.

ही आठ वर्षे तिने रडत बसून काढली नाहीत. रडली असेल, पण नुसती रडत बसली नाही. पहाटे घर झोपलेले असताना ती मेणबत्तीच्या उजेडात दवाखान्यांचे नि सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाची, टिपणे काढी. दिवस उजाडला की चहा, पाहुणे, शिवणकाम. एका विद्वान आणि चांगल्या माणसाने तिला मागणी घातली होती. नऊ वर्षे तो वाट पाहत होता. तिलाही तो आवडत असे, तरी १८४९ साली तिने नकार दिला. लग्न केले की काम होणार नाही, हे तिला कळून चुकले होते. मला ही गोष्ट थोडी कठीणच वाटते. ताई म्हणते की आता तसे राहिलेले नाही, तिच्या कॉलेजच्या मॅडमचे लग्न झालेले आहे, दोन मुले आहेत.

मध्येच एक गंमत सांगते. १८५० साली ती ग्रीस देशात गेली होती. तिथे काही पोरे घुबडाच्या पिल्लाला त्रास देत होती. तिने ते पिल्लू सोडवले, त्याचे नाव अथीना ठेवले आणि खिशात घालून घरी आणले. आपण घुबडाला अशुभ मानतो, ती त्याला खिशात घेऊन हिंडायची!

त्याच प्रवासात ती जर्मनीतल्या कैझर्सवर्थ या गावी जाऊन आली. तिथे सेवाव्रती बायका रोग्यांची शुश्रूषा करीत. १८५१ साली ती पुन्हा गेली आणि सुमारे तीन महिने राहून शिकली. शेवटी १८५३ साली लंडनमधल्या बायकांच्या एका छोट्या दवाखान्याची ती प्रमुख झाली. वडिलांनी तिला वर्षाला ५०० पौंड द्यायचे कबूल केले. म्हणजे वडीलच आधी वळले. तिथे तिने प्रत्येक मजल्यावर गरम पाणी आणले, जेवण वर चढवायला दोराचा पाळणा बसवला, रोग्याने वाजवायला घंट्या लावल्या. नर्सचे पाय जिने चढण्यात झिजले तर ती रोग्याजवळ कधी बसणार, असा तिचा साधा हिशेब होता.

१८५४ साली इंग्लंड क्रिमियाच्या लढाईत उतरले. एका बाजूला रशिया, दुसऱ्या बाजूला तुर्कस्तान, इंग्लंड, फ्रान्स. जखमी इंग्रज शिपायांना जहाजात घालून काळ्या समुद्रापलीकडे, इस्तंबूलजवळ स्कुटारी येथे आणत. तिथल्या हालांची वर्णने लंडनच्या वर्तमानपत्रात छापून आली नि लोक खवळले. तेव्हा युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी फ्लॉरेन्सला जाण्याची विनंती केली. ती २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ३८ परिचारिकांना घेऊन निघाली. त्याच गडबडीत बिचारी अथीना मेली.

आता इथून पुढे मी त्यांना बाई म्हणते, कारण आता त्या मोठ्या झाल्या.

स्कुटारीचा दवाखाना म्हणजे एक प्रचंड मोठी छावणीची इमारत. व्हरांड्यांतून मैलोन्मैल रोगी पडलेले. अंथरूण नाही, साबण नाही, टॉवेल नाही, कपड्यांत उवा. खाली गटारे तुंबलेली. डॉक्टरांना या बायका नकोच होत्या. त्यांनी वॉर्डात काम द्यायचे नाकारले. बाई भांडल्या नाहीत. डॉक्टरांनी बोलावल्याशिवाय कुणीही रोग्याला हात लावायचा नाही, असा हुकूमच त्यांनी आपल्या नर्सना दिला आणि त्यांना उशा, झोळ्या, सदरे शिवायला बसवले. नर्सना किती राग आला असेल! पण थोड्याच दिवसांत इंकरमनच्या लढाईतले जखमी लोटले आणि डॉक्टरांनाच बोलवावे लागले.

बाईंनी एक घर भाड्याने घेतले, तिथे पाणी तापवायच्या मोठ्या भांड्यांची सोय केली आणि शिपायांच्या बायकांना कपडे धुवायच्या कामाला लावले. स्वयंपाकाची व्यवस्था लावली. मरणाऱ्या शिपायांची पत्रे त्यांच्या आयांना लिहून पाठवली. रात्री आठनंतर वॉर्डात दुसऱ्या कुठल्याही बाईने थांबायचे नाही, असा नियम होता. बाई एकट्या हातात कंदील घेऊन फेरी मारीत. तो कंदील तुर्की पद्धतीचा, घडीचा होता. चित्रांत दाखवतात तसला चोचीचा दिवा नव्हे. त्यावरून त्यांना दिवेवाली बाई, दीपधारिणी असे नाव पडले.

इथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण पुष्कळ पुस्तकांत ती नसते. बाई आल्यावर लगेच मृत्यू कमी झाले, असे आपण वाचतो. तसे झाले नाही. पहिल्या हिवाळ्यात ते उलट वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये तर दवाखान्यात येणाऱ्या शंभरातले सुमारे ४२ जण मरत होते, नि तेही जखमांपेक्षा जुलाब, कॉलरा, टायफसने जास्त. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता समिती आली. तिने गटारे उपसली, पाण्याच्या वाटेत सडलेले जनावर काढले, हवा खेळती केली, भिंतींना चुना दिला. जूनपर्यंत शंभरात दोन इतके मृत्यू खाली आले. मायेने अंग पुसून भागत नाही, गटार आधी उपसावे लागते, हे बाईंना पुढे आकडे मांडताना पुरते कळले. ते त्यांनी लपवले नाही. उलट गोल चकतीसारखे रंगीत तक्ते काढून सरकारपुढे ठेवले, म्हणजे आकड्यांना कंटाळणाऱ्या मंत्र्यालाही नुसते पाहून कळावे. इंग्लंडच्या संख्याशास्त्र संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सभासद झाल्या. गणित आवडणाऱ्या मुलींनी हे लक्षात ठेवावे. नि न आवडणाऱ्यांनीही, कारण ताईला औषधाचे डोस काढताना रोज गुणाकार-भागाकार करावे लागतात.

मे १८५५ मध्ये बाईंना तापाने गाठले, त्या मरता मरता वाचल्या. १८५६ च्या ऑगस्टमध्ये त्या परत आल्या, त्याही नाव बदलून, मिस स्मिथ या नावाने. मिरवणुका नकोत म्हणून. स्टेशनवरून चालतच घरी गेल्या. पण दुखणे कायमचे मागे लागले. तो ब्रुसेलोसिस असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हा रोग जनावरांच्या न तापवलेल्या दुधातून पसरतो. घरोघर गुरे असलेल्या आपल्या गावात हे माहीत असलेले बरे. पुढची कित्येक वर्षे त्यांनी बरेचसे काम अंथरुणात बसूनच केले.

लोकांनी त्यांच्या सन्मानासाठी सुमारे ४४,००० पौंड जमवले होते. त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. वर्षभराचे शिक्षण, राहणे-जेवण फुकट, चहा-साखरसुद्धा मिळे, वर वर्षाला १० पौंड. तपकिरी झगा, पांढरी टोपी, पांढरा एप्रन. शिकणाऱ्या मुलींना रोजनिशी लिहावी लागे आणि त्या रोजनिश्या बाई स्वतः वाचीत. १८७२ पासून पुढे प्रकृती साथ देईल तेव्हा त्या या मुलींना वर्षाचे एक लांब पत्र लिहीत. ते सर्वांसमोर वाचले जाई. तिथे शिकलेल्या मुली दूरदूर गेल्या. १८६८ साली लुसी ऑस्बर्न पाच जणींना घेऊन ऑस्ट्रेलियात सिडनीला गेल्या.

ताईलाही रोजनिशीसारखी वही ठेवावी लागते. कुठला रोगी पाहिला, काय केले, सगळे लिहायचे. सुरुवातीला ती फार रडायची. पुस्तके इंग्रजीत. पहिले इंजेक्शन रबरी हातावर शिकवले, खऱ्या माणसाला देताना तिचेच हात थरथरले. ज्या आजोबांची चादर तिने सकाळी बदलली होती, ते दुपारी वारले. त्या रात्री तिने फोन करून आईला नुसते जेवलीस का एवढेच विचारले. पहिल्या वर्षी दिवे लावून शपथ घ्यायचा कार्यक्रम झाला, त्याला आम्ही सगळे गेलो होतो. शपथ नाइटिंगेल यांच्या नावाची असते, पण ती त्यांनी लिहिलेली नाही. अमेरिकेत १८९३ साली तयार झाली. दादा मागच्या रांगेत बसले होते. ताईचे नाव पुकारले तेव्हा ते उभेच राहिले, मी त्यांचा सदरा ओढून खाली बसवले.

आजीला साखरेचा आजार आहे, दिवाळीत तिच्या पायाला जखम झाली. ताई सुट्टीभर रोज ती धुऊन पट्टी बांधत होती. आजी लग्नाचे अजून म्हणतेच, पण पाय मात्र ताईपुढेच करते.

नाइटिंगेल बाई भारतात कधीच आल्या नाहीत. तरी आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी भारताचा अभ्यास केला. इथल्या लष्करी छावण्यांना प्रश्नपत्रिका पाठवून माहिती मागवली. पाणी कुठून आणता, सांडपाणी कुठे जाते, असले प्रश्न. १८६३ च्या अहवालात निघाले की इथे गोऱ्या शिपायांत हजारी ६९ जण दरवर्षी मरतात, तेही बहुतेक रोगाने. दहा वर्षांनी तो आकडा १८ वर आला. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. पुढे त्यांचे लक्ष छावण्यांवरून आपल्यासारख्या खेड्यांकडे वळले, विहिरी, गटारे, पाटाचे पाणी यांकडे. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात इथले शेतकरी कसे मेले, त्यावर त्यांनी लंडनच्या मासिकात कडक लेख लिहिला.

म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली. १९०७ साली राजाने त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा किताब दिला, तो मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्या झोपेतच वारल्या. वेस्टमिन्स्टर ॲबे या राजेराण्यांच्या चर्चमध्ये पुरण्याची तयारी होती, पण घरच्यांनी नाही म्हटले. गावाकडे आईवडिलांजवळ त्यांना पुरले. दगडावर फक्त एफ. एन. ही अक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा आहेत.

ताई या १५ ऑगस्टला झेंडावंदनाला येणार आहे. बारावीनंतर जी.एन.एम. तीन वर्षांचे असते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे, त्याला मात्र विज्ञान शाखा लागते. दोन्हींना मुलगेही जातात. ज्या आयांना आपल्या मुलींसाठी हॉस्टेल, खर्च, रात्रपाळी याविषयी विचारायचे असेल त्यांनी तिला जरूर विचारावे. लवकर विचारा, ती दुपारच्या एस.टी.ने परत जाणार आहे, संध्याकाळी ड्युटी आहे.

— इयत्ता ७ वी