सरकारी खुर्चीत बसून मराठीसाठी झटलेले रानडे

पांढुर्णा-सौंसर भागात मराठी शाळांचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात : मोर्चा काढा, नाहीतर गप्प बसा. कागद लावून, बैठकीत बसून काही घडते यावर आपला विश्वासच राहिलेला नाही. म्हणून आज न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे स्मरण करावेसे वाटते.

रानड्यांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी निफाडला झाला. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा 1859 साली झाली, तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या मुलांत ते होते. पुढे 1860 च्या दशकात याच विद्यापीठाने पदवी परीक्षेतून मराठी काढून टाकली. संस्कृत, लॅटिन यांसारख्या प्राचीन भाषा राहिल्या. मराठी मॅट्रिकपुरती उरली.

1871 मध्ये ते पुण्यात न्यायाधीश झाले. पगार सरकारचा आणि संशयही सरकारचाच! वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या वर्षी, 1879 साली, त्यांची धुळ्याला बदली झाली. त्यांनी नोकरी सोडली नाही. त्याच्या आदल्याच वर्षी लोकहितवादींसह त्यांनी पुण्यात मराठी ग्रंथकारांना एकत्र आणले होते.

खरी झुंज मात्र विद्यापीठाच्या सभांत झाली. मराठीत वरच्या परीक्षेला लावण्याजोगे ग्रंथच नाहीत, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप. रानड्यांनी भाषण ठोकण्याऐवजी दप्तर उघडले. 1867 च्या कायद्याने छापील पुस्तकांची सरकारदरबारी नोंद होत असे. त्या नोंदींच्या आधारे त्यांनी मराठी ग्रंथांचा विषयवार हिशेब मांडला आणि मराठी वाङ्मयाच्या वाढीवरील आपले टिपण 1898 मध्ये प्रसिद्ध केले. सरकारचेच कागद सरकारपुढे! मला शिक्षक म्हणून त्यांचे हे काम त्यांच्या न्यायमूर्तिपदापेक्षा मोठे वाटते. आपल्याकडेही 1956 पासून घटनेचे 350 अ हे कलम मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करा असे राज्यांना सांगते. पण मराठी मुलांची शाळावार यादी कोणत्या कपाटात आहे, हे आधी शोधावे लागेल.

1893 पासून रानडे उच्च न्यायालयात होते. खटल्यांचा भार, प्रकृती ढासळलेली, तरी मराठीचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. 16 जानेवारी 1901 रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी विद्यापीठाने एम.ए.ला मराठी मान्य केली, बी.ए.चे दार मात्र पुढे बरीच वर्षे बंदच राहिले.