सोनोग्राफीचे जनक : डॉ. इयान डोनाल्ड

तरसालीतील आपल्या अनेक घरांतून कोणी ना कोणी मकरपुरा जी.आय.डी.सी.मध्ये कामाला जाते. तेथे जाड पत्र्याचे वेल्डिंग झाले की आत भेग किंवा पोकळी राहिली नाही ना, हे अल्ट्रासाऊंडच्या यंत्राने तपासतात, हे वेल्डर काका तुम्हाला सांगतील. आईच्या पोटातले बाळ दाखवणारे यंत्र याच यंत्राचे धाकटे भावंड आहे. ही दोन्ही कामे ज्यांनी एकमेकांशी जोडली, त्या डॉ. इयान डोनाल्ड यांची ओळख या अंकात आम्ही करून देत आहोत.

डोनाल्ड यांचा जन्म २७ डिसेंबर १९१० रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात झाला. घराणे स्कॉटिश, डॉक्टरांचे. वडिलांच्या प्रकृतीसाठी कुटुंब दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तेथे आई-वडील दोघेही थोड्याच काळाच्या अंतराने वारले. मुलगा पुढे लंडनला परतला व १९३७ मध्ये सेंट थॉमस रुग्णालयाच्या महाविद्यालयातून डॉक्टर झाला. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते. बॉम्ब भरलेल्या जळत्या विमानातून वैमानिकांना बाहेर काढल्याबद्दल त्यांचा गौरव झाला. रडार आणि सोनार यांची ओळखही त्यांना त्याच काळात झाली. पाण्यात आवाज सोडायचा, तो पाणबुडीवर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे आणि त्यावरून अंतर काढायचे, ही सोनारची युक्ती त्यांच्या डोक्यात राहिली.

१९५४ मध्ये ते ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. जवळच रेनफ्र्यू येथे बॅबकॉक अँड विल्कॉक्स हा बॉयलरचा मोठा कारखाना होता. २१ जुलै १९५५ रोजी डॉक्टरसाहेब शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी दोन मोटारींच्या डिक्क्यांत भरून थेट या कारखान्यात गेले! कामगारांना काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. भेगा शोधणारे यंत्र गाठींवर लावले, तेव्हा भरीव गाठीचा प्रतिध्वनी वेगळा आणि पाण्याने भरलेल्या गाठीचा वेगळा आला. डोनाल्ड यांना हवे होते ते मिळाले.

आपला कान सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. सोनोग्राफीत ही संख्या २० लाखांच्या वर असते. एका अवयवातून दुसऱ्यात जाताना हा आवाज थोडा परततो व त्यावरून चित्र तयार होते. मात्र हवा मध्ये आली की आवाज पुढे जातच नाही, म्हणून त्वचा व यंत्र यांमध्ये काही ओले लागते. आज तेथे जेल लावतात, डोनाल्ड ऑलिव्हचे तेल चोपडत असत. टॉम ब्राउन हा तरुण इंजिनिअर आणि डॉ. जॉन मॅकव्हिकर हे त्यांचे साथीदार. ब्राउन यांचे नाव मागे पडले, पण आमच्या मते त्यांच्यावाचून हे यंत्र उभेच राहिले नसते.

सुरुवातीला बरेच डॉक्टर हसत. मग एक रुग्ण आली. तिला पोटाचा, शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला कर्करोग आहे, असे निदान झाले होते. डोनाल्ड यांच्या यंत्रात मात्र बीजकोशाची द्रवाने भरलेली प्रचंड गाठ दिसली. गाठ काढली, ती साधी निघाली आणि बाई वाचली. ७ जून १९५८ रोजी या कामाचा लेख लॅन्सेट या नियतकालिकात आला आणि हसणे थांबले. गरोदर बाईला क्ष-किरण देणे बाळाला घातक ठरू शकते, हे त्याच सुमारास पुढे येत होते. त्यामुळे या यंत्राचे मोल आणखी वाढले. मूत्राशय भरलेले असले तर लवकरच्या दिवसांचा गर्भही दिसतो, हे डोनाल्ड यांच्याच लक्षात आले. आजही सोनोग्राफीला गेले की भरपूर पाणी पिऊन बसायला लावतात, ते म्हणूनच.

पण या यंत्राला सगळेच दिसते, असे समजू नये. १९४० च्या दशकात ऑस्ट्रियात कार्ल डुसिक यांनी कवटीतून मेंदूचे चित्र काढले होते, पण त्यातला मोठा भाग कवटीच्या हाडाने केलेली दिशाभूल होती, असे पुढे दिसून आले. हाड आवाज अडवते, आतड्यातला वायू अडवतो, हवेने भरलेल्या फुप्फुसाच्या आतले दिसत नाही, स्थूल माणसात चित्र धूसर येते. पित्ताशयातला खडा छान दिसतो. गाठ दिसली तरी ती कर्करोगाची आहे का, हे बहुधा तुकडा काढून तपासल्यावरच नक्की ठरते. शिवाय यंत्र धरणारा हात आणि चित्र वाचणारा डोळा किती तयार आहे, यावरही निदान अवलंबून असते. अहवाल नॉर्मल आला आणि दुखणे कायम राहिले, तर पुन्हा डॉक्टरांकडे जायला हवे.

डोनाल्ड यांना हृदयाच्या झडपेचा विकार होता. मोठ्या शस्त्रक्रिया सोसूनही ते १९७६ पर्यंत काम करत राहिले. ते श्रद्धाळू होते आणि ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्याला त्यांनी उघड विरोध केला. त्यांना चार मुली होत्या. १९ जून १९८७ रोजी ते वारले.

त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १९८८ मध्ये, महाराष्ट्राला गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा करावा लागला. तेव्हा चिंता मुख्यतः गर्भजल तपासणीची होती. पुढे गल्लोगल्ली सोनोग्राफी आली. देशाचा कायदा १९९४ मध्ये झाला, पण कागदावरच राहिला. म्हणून सेहत आणि मासूम या महाराष्ट्रातील संस्था डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २००३ मध्ये कायदा कडक झाला. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर १,००० मुलग्यांमागे महाराष्ट्रात ९१३ मुली होत्या, आपल्या गुजरातेत ८८३. त्याआधी १९९१ मध्ये हेच आकडे ९४६ आणि ९२८ होते. २०११ मध्ये गुजरात ८९० वर आला, महाराष्ट्र ८९४ पर्यंत घसरला. येथे गर्भाचे लिंग सांगितले जात नाही, असा फलक प्रत्येक सोनोग्राफी केंद्रावर लावणे कायद्याने बंधनकारक आहे. बडोद्यातल्या केंद्रांवर तो गुजरातीतही असतो.