शिक्षिका न होण्याचा हट्ट

आमच्या नगरला पाहुणे आले की किल्ला दाखवायचा आणि किल्ल्यात नेले की नेहरूंची खोली दाखवायची, हा रिवाजच आहे. १९४२ पासून पंडितजी तेथे बंदिवासात होते, ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी तेथेच लिहिले, हे गावातले शेंबडे पोरही सांगेल. पण त्याआधी दोन वर्षे, १९४० च्या पावसाळ्यात, याच अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) इंग्रज सरकारच्या छावणीत मारिओ नावाचे एक बेचाळीस वर्षांचे इटालियन गृहस्थ स्थानबद्ध होते, हे मला बी. ए.च्या तिसऱ्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. त्या जूनमध्ये इटली जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरली आणि हिंदुस्थानातले इटालियन एका दिवसात शत्रुपक्षाचे ठरले. मारिओंची वृद्ध आई तिकडे मद्रासजवळ अड्यारला होती. तिच्याही हिंडण्याफिरण्यावर बंदी आली. ही आई म्हणजे डॉ. मारिया माँटेसरी.

माँटेसरी हा शब्द आपण किती सहज वापरतो! गल्लीबोळातल्या शिशुवर्गांच्या पाट्यांवर तो असतो. माझी आई अंगणवाडी सेविका आहे, तिच्या बोलण्यातही तो येतो. परंतु त्या पाटीमागे एक हाडामांसाची बाई होती, हा विचार आमच्या दोघींच्याही मनात कधी आला नव्हता. मानसशास्त्राच्या सरांनी बालविकासावर टिपण लिहायला सांगितले, त्या निमित्ताने मी या बाईंचे चरित्र वाचू लागले आणि टिपण बाजूलाच राहिले.

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० चा, इटलीतील अँकोनाजवळच्या क्यारावाल्ले या गावचा. वडील सरकारी अधिकारी. मारिया पाच वर्षांची असताना कुटुंब रोमला आले. मुलगी हुशार निघाली, तेव्हा तिने शिक्षिका व्हावे असे घरात ठरले, कारण शिकलेल्या मुलीला त्या काळी तेवढाच मार्ग मोकळा होता. मारियाने मात्र बाकी काहीही होईन पण शिक्षिका होणार नाही, असा हट्ट धरला. आधी ती मुलांच्या तांत्रिक शाळेत गेली, इंजिनिअर होण्याचे मनात होते. पुढे वैद्यकाकडे वळली. पुरुष विद्यार्थ्यांबरोबर उभे राहून प्रेताची चिरफाड करणे मुलीला शोभणारे नाही, म्हणून तिने ते काम एकटीने, सारे गेल्यावर संध्याकाळी करायचे. १८९६ साली ती डॉक्टर झाली. त्याच वर्षी बर्लिनच्या महिला परिषदेत इटलीची प्रतिनिधी म्हणून गेली आणि स्त्रियांना पुरुषांइतकेच वेतन मिळाले पाहिजे, असे तेथे मांडून आली.

शिक्षण तिच्या वाट्याला आले ते रुग्णालयाच्या दारातून. रोमच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काम करताना वेड्यांच्या इस्पितळांत कोंडलेली मंदबुद्धीची मुले तिने पाहिली. असे सांगतात की, जेवण झाल्यावर ही मुले जमिनीवर सांडलेले पावाचे तुकडे वेचीत बसत. सांभाळणारी बाई त्यांच्या हावरटपणाला नावे ठेवी. मारियाला वेगळेच दिसले. त्या उघड्याबोडक्या खोलीत हातात घ्यायला दुसरी वस्तूच नव्हती! भूक पोटाची नव्हती, बोटांची होती. मग तिने इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांचे जुने ग्रंथ शोधून काढले आणि ते हाताने उतरवून घेत इटालियनमध्ये आणले. १९०० साली निघालेल्या अशा मुलांसाठीच्या संस्थेत तिने लाकडाची, कापडाची, खडबडीत आणि गुळगुळीत साधने वापरली. त्यांतील काही मुले सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेस बसून उत्तीर्ण झाली. लोक वाहवा करू लागले. ही बाई मात्र उलटाच प्रश्न घेऊन बसली. या मुलांना एवढे जमते, तर धडधाकट मुले शाळेत एवढ्यावरच का अडून राहतात?

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या दरिद्री वस्तीत तिचे पहिले बालगृह उघडले. त्यामागे कोणाचा ध्येयवाद नव्हता, हे मला फार आवडले. एका कंपनीने तेथील चाळी दुरुस्त केल्या होत्या. आईबाप कामावर गेले की पोरे जिन्यात धुडगूस घालीत आणि नव्या भिंती खराब करीत. सारखी रंगरंगोटी करण्यापेक्षा पोरे एका खोलीत गोळा करणे स्वस्त पडेल, हा हिशेब! तेव्हा तेथे जमली सुमारे पन्नास मुले आणि त्यांना सांभाळायला शिक्षणशास्त्राचा गंधही नसलेली एक तरुणी. बाईंना ते सोयीचेच वाटले. शिकवण्याची सवय लागलेली नसल्याने ही मुलगी सांगितले तेवढेच करी आणि बाकीचा वेळ गप्प राही.

या खोलीत बाईंनी जे पाहिले, त्यावर पुढचे सारे उभे आहे. तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्याच्या भोकांत लहानमोठ्या दट्ट्या बसवीत होती. बसवून झाल्या की काढायच्या, पुन्हा बसवायच्या. बाईंनी इतर मुलांना गाणी म्हणायला लावली, मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. मुलीने ठोकळा मांडीवर ओढला आणि पुढे चालू केले. चाळीसहून अधिक वेळा तिने हे केले आणि मग झोपेतून उठल्यासारखी प्रसन्न चेहऱ्याने थांबली. दुसऱ्या एका दिवशी साधनांच्या कपाटाला कुलूप लावायचे राहिले. शिक्षिका उशिरा पोहोचली, तो मुलांनी आपापल्या आवडीची वस्तू काढून कामाला सुरुवातही केलेली! तेव्हापासून उंच कपाटे गेली आणि मुलांचा हात पोहोचेल अशा बुटक्या मांडण्या आल्या. आणखी एकदा बाईंनी मुलांना आवाज न करता नाक कसे पुसावे, हे रुमाल घेऊन करून दाखवले. मुले आधी गंभीरपणे पाहत राहिली आणि मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. नाकावरून ती नेहमी बोलणी खात, पण ते पुसायचे कसे, हे आजवर कोणी शिकवलेच नव्हते. आमच्या आईला हा प्रसंग सांगितला, तेव्हा ती कितीतरी वेळ हसली आणि मग दुसऱ्या दिवशी घेऊन जायला म्हणून जुन्या साडीचे चौकोन कापू लागली.

१९०९ साली बाईंनी आपले पुस्तक लिहिले आणि शिक्षकांचा पहिला प्रशिक्षणवर्ग घेतला. पुढे वैद्यकी सोडली. शिक्षिका न होण्याचा हट्ट धरणारी ही मुलगी उरलेली चाळीस वर्षे गावोगाव शिक्षक घडवीत हिंडली! १९१३ चा रोमचा वर्ग आंतरराष्ट्रीय होता, पुढे बार्सिलोना, लंडन असे वर्ग होत गेले. या प्रशिक्षणात व्याख्याने असत, पण खरी कसोटी वेगळीच होती. प्रत्येक साधन स्वतः पुन्हा पुन्हा हाताळायचे, त्याची चित्रांसह वही स्वतःच तयार करायची आणि तासन्‌तास मुलांच्या वर्गात नुसते बसून पाहायचे. मध्ये बोलायचे नाही. शिकवू नये कधी, हे शिकणे सर्वांत अवघड, असे त्यांचे मत होते.

येथेच मला बाईंचा एक दोष दिसतो. मुलाच्या हातून काम काढून घेऊ नका असे सांगणाऱ्या या बाईंनी आपल्या शिक्षकांच्या हाती मात्र काम पुरते कधी सोडले नाही. त्यांचे प्रमाणपत्र घेतलेल्याला शाळा काढता येई, पण दुसरे शिक्षक तयार करण्याची परवानगी नसे. साधनांत बदल केलेला त्यांना खपत नसे. अमेरिकेत १९१३ साली त्यांचे राणीसारखे स्वागत झाले आणि काही वर्षांतच ती लाट ओसरली. किलपॅट्रिक या प्राध्यापकांची १९१४ मधील कडक टीका त्याला कारण झाली, तसा बाईंचा हा ताठाही झाला असावा. मुसोलिनीने १९२४ पासून त्यांच्या शाळांना आश्रय दिला, तो त्यांनी बरीच वर्षे घेतला, हेही लपवण्यात अर्थ नाही. अखेर बिनसले आणि १९३४ च्या सुमारास इटलीतल्या त्यांच्या शाळा बंद झाल्या. जर्मनीत नाझींनी त्या बंद केल्याच होत्या. १९३६ मध्ये स्पेनच्या यादवीने बार्सिलोनाही सुटले. साठी उलटलेल्या बाई हॉलंडला गेल्या.

आता मारिओंकडे वळते. सहकारी डॉक्टर मोन्तेसानो यांच्यापासून १८९८ साली बाईंना हा मुलगा झाला. लग्न झाले नव्हते. मूल खेड्यातल्या एका कुटुंबाकडे ठेवले गेले. बाई त्याला भेटायला जात, पण मी तुझी आई, असे सांगत नसत. स्वतःच्या आईच्या मृत्यूनंतर, १९१३ च्या सुमारास, त्यांनी पंधरा वर्षांच्या मुलाला घरी आणले आणि जगाला तो पुतण्या किंवा दत्तक म्हणून सांगितला. जगभरच्या मुलांना न्याय मागणारी बाई आपल्या मुलाला आई म्हणू देत नाही, याचा मला प्रथम राग आला. त्या काळच्या इटलीत हे उघड झाले असते तर त्यांचे सारे काम त्याच दिवशी संपले असते, हे नंतर ध्यानी आले. मी स्वतः दोन वर्षे आईच्याच अंगणवाडीत बसले आहे. तेथे तिला आई म्हणायची मला बंदी होती, बाईच म्हणायचे. इतर मुले तिच्या मांडीवर बसत आणि मी भिंतीशी. पण मला निदान दुपारी घरी आई मिळत असे.

१९३९ च्या अखेरीस थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मायलेक अड्यारला आले. झावळ्यांनी शाकारलेल्या मांडवात सुमारे तीनशे विद्यार्थी जमले. बाई इटालियनमध्ये बोलत, मारिओ इंग्रजीत सांगत. मग तो जून आला आणि मारिओंना आमच्या नगरला आणले गेले. ३१ ऑगस्ट १९४० हा बाईंचा सत्तरावा वाढदिवस. त्या दिवशी व्हाइसरॉयकडून संदेश आला की, वाढदिवसाची भेट म्हणून त्यांचा मुलगा त्यांना परत देत आहोत. पुतण्या नव्हे, दत्तक नव्हे, मुलगा. चाळीस वर्षे झाकून ठेवलेला शब्द परक्या सरकारच्या तारेतून आला!

युद्ध संपेपर्यंत ती दोघे हिंदुस्थानातच राहिली. कोडाईकनालच्या डोंगरात त्यांनी सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नवे काम उभे केले. पुढच्या फेरीत, १९४८ मध्ये, पुण्यातही वर्ग झाला. या देशात हजाराहून अधिक शिक्षक त्यांच्या हाताखालून गेले. पण त्यांचे विचार आपल्याकडे त्यांच्या आधीच पोहोचले होते. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले, तेथे ताराबाई मोडक आल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. ताराबाईंनी महागडी साधने बाजूला ठेवली. १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांसह त्यांनी खडे, शिंपले, बिया यांवर काम चालवले. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच वारली पाड्याच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. मूळ बाईंना हा बदल रुचला असता की नाही, याची मला शंकाच आहे. पण आमच्या आईपर्यंत माँटेसरी पोहोचली ती याच वाटेने.

१९४९ साली बाई कायमच्या युरोपला परतल्या. शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी तीनदा नाव सुचवले गेले, मिळाले नाही. ६ मे १९५२ रोजी हॉलंडच्या समुद्रकाठी नोर्दवेक या गावी, एक्याऐंशीव्या वर्षी त्या वारल्या. मारिओ जवळच होते. बाईंना तेथेच पुरले.