हाफकिन आणि जमिनीवर पडलेला चिमटा

पंचवटीत रामकुंडाच्या घाटावर अनवाणी फिरताना पायात खिळा घुसला, तर जवळच्या दवाखान्यात डॉक्टर आधी धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारतात. सिंहस्थाची गर्दी जमली की पिण्याच्या पाण्यात क्लोरीन पुरेसे आहे ना, याकडे लक्ष ठेवावे लागते. ती धास्ती पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची. आणि घरात उंदीर मरून पडला की जुन्या माणसांच्या मनात अजूनही प्लेगची आठवण जागी होते. धनुर्वात, पटकी आणि प्लेग. तीन रोग, तीन वेगळे जीवाणू. या तिघांशी एकाच माणसाची गाठ पडली. पटकी आणि प्लेगवर त्याने लस केली, धनुर्वाताने त्याची कारकीर्द उद्ध्वस्त केली. परळच्या संस्थेमुळे त्याचे नाव आपल्या तोंडी आहे. त्याची कहाणी मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये काळ्या समुद्रावरच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकोव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, हे पुढे दाखवणारे तेच मेचनिकोव्ह. तरुण हाफकिन झारशाहीविरुद्धच्या चळवळीत ओढले गेले, ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले तेव्हा संरक्षणासाठी उभे राहिले आणि तुरुंगातही गेले. ज्यू असल्यामुळे रशियात प्राध्यापकपद मिळण्याची आशा नव्हती. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्याच वर्षी पॅरिसला पाश्चर संस्थेत पोहोचले. तेथे सुरुवातीला रिकामी होती ती जागा ग्रंथालयातली. ती त्यांनी स्वीकारली आणि उरलेला वेळ सूक्ष्मदर्शकाला दिला.

त्यांनी हाती घेतला तो पटकीचा जीवाणू. सूक्ष्मदर्शकाखाली तो स्वल्पविरामासारखा वाकडा दिसतो. त्याच्या एका टोकाला शेपटीसारखा एकच बारीक तंतू असतो. तो गरगर फिरवत हा जीवाणू पाण्यात झपाट्याने पोहतो. त्याची वाढही तशीच वेगवान. जीवाणू अंडी घालत नाहीत. एकाचे सरळ दोन होतात, दोनाचे चार. अनुकूल स्थितीत पटकीचा जीवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतो. अर्ध्या तासाचाच हिशेब धरला, तरी दहा तासांत एकाचे दहा लाखांवर होतात. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी जुलाबाने निपचित का पडतो, याचे निम्मे उत्तर या गणितात आहे. उरलेले निम्मे त्याच्या विषात आहे.

हाफकिन यांनी या जीवाणूचे दोन वाण तयार केले. एक ३९ अंश सेल्सिअस तापमानात, सतत हवा खेळती ठेवून वाढवला. त्याचा जोर कमी झाला. दुसरा एका गिनीपिगमधून दुसऱ्यात असा पुढे नेत अधिक जहाल केला. आधी कमजोर वाणाची सुई आणि काही दिवसांनी जहाल वाणाची, असा क्रम ठरला. १८ जुलै १८९२ रोजी पहिली सुई त्यांनी स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, पण ते बरे झाले.

लशीची खरी परीक्षा साथ असेल तिथेच होणार होती. म्हणून १८९३ मध्ये ते कोलकात्याला आले. तेथील वस्त्यांमध्ये त्यांनी एक साधी पण महत्त्वाची पद्धत पाळली. एकाच वस्तीत, एकाच तळ्याचे पाणी पिणाऱ्यांपैकी काहींनी लस घ्यायची, काहींनी नाही, आणि मग आजारी कोण पडते याची नोंद ठेवायची. सुमारे सव्वादोन वर्षांत त्यांनी ४२ हजारांच्या आसपास लोकांना लस टोचली. हिवतापाने प्रकृती खालावल्यावर ते युरोपला परतले, पण काही महिन्यांतच पुन्हा भारतात आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरमध्ये हाफकिन यांना मुंबईला बोलावण्यात आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्यावर काम सुरू झाले.

प्लेगचा जीवाणू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता. तो आखूड कांडीसारखा असतो. रंग दिला की दोन्ही टोके गडद आणि मधला भाग फिका दिसतो, अगदी मिटलेल्या सेफ्टी पिनसारखा. त्याला पोहता येत नाही. तो उंदरांच्या पिसवांवर स्वार होऊन येतो, पण हे तेव्हा सिद्ध व्हायचे होते. हाफकिन यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. लशीसाठी जीवाणू भरपूर हवेत, आणि मेलेले हवेत.

भरपूर कसे वाढवायचे? त्यांनी बकऱ्याच्या मांसाचा रस्सा वापरला. गाय आणि डुक्कर दोन्ही टाळल्याने हिंदू-मुसलमान कोणाच्याच भावना दुखावणार नव्हत्या. या रश्श्यावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. तुपाच्या तरंगत्या थेंबाला खालून चिकटून जीवाणू वाढू लागले आणि गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे त्यांचे बारीक धागे खाली उतरू लागले. काही दिवसांनी चंबू हलवला की धागे तळाशी गळून पडत आणि वर नवे पीक येई. पाच-सहा आठवडे असे पीक काढत राहायचे. हा जीवाणू साधारण २८ अंशांला उत्तम वाढतो; मुंबईची हवा त्याला मानवणारीच होती.

मग मारायचे कसे? चंबू ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवायचा. जीवाणू मरतात, पण त्यांच्या अंगावरची ओळखीची खूण बऱ्याच अंशी शाबूत राहते. शरीर ती खूण लक्षात ठेवते आणि पुढे जिवंत शत्रू आला की त्याला ओळखते. शेवटी परका जंतू वाढू नये म्हणून थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे.

या कामाचा ताण असह्य होता. एक सहकारी मनाने खचला, दोघे सोडून गेले. हाफकिन थांबले नाहीत. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःला १० मिलिलिटर लस टोचून घेतली. पुढे लोकांना दिलेल्या मात्रेच्या ती कितीतरी पट होती. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे स्वेच्छेने पुढे आलेल्या १४७ कैद्यांनी लस घेतली. त्यांतले दोघे आजारी पडले, मेला कोणीच नाही. लस न घेतलेल्या १७२ पैकी बारा आजारी पडले आणि सहा दगावले.

तरीही लोक बिचकत होते. त्या काळी प्लेगबंदोबस्ताच्या नावाखाली घरांच्या झडत्या होत, माणसे उचलून नेली जात. त्या संतापातूनच पुण्यात रँडचा वध झाला. सरकारी सुईवर विश्वास कसा बसावा? हाफकिन यांची लस मात्र ऐच्छिक होती. आगाखान तिसरे यांनी स्वतः सर्वांसमोर टोचून घेतले, तेव्हा हजारो खोजा पुढे आले. आगाखानांनी प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही दिली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. त्याच वर्षी नाशिकजवळच्या भगूर गावात दामोदरपंत सावरकर प्लेगने गेले. त्यांचे पुत्र विनायक तेव्हा सोळा वर्षांचे होते. लस निघाली म्हणजे ती गावोगाव पोहोचली, असे नव्हते.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने हाहाकार उडवला आणि लशीची मागणी प्रचंड वाढली. पंजाबसाठी लस वेगाने करता यावी म्हणून हाफकिन यांनी कार्बोलिक आम्ल घालणे थांबवले आणि सारी भिस्त उष्णतेवर ठेवली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल गावात १०७ जणांना पाच कुप्यांतून लस दिली गेली. आठवडाभराने त्यांतल्या १९ जणांचे जबडे आवळू लागले. सगळे एकाच कुपीतून टोचलेले. एकोणीसही धनुर्वाताने मेले.

इथे तिसरा जीवाणू येतो. धनुर्वाताचा जीवाणू माती आणि शेणात राहतो आणि हवा जिथे पोहोचत नाही तिथेच वाढतो. म्हणून खोल जखम त्याला सोयीची. परिस्थिती बिघडली की तो आपल्या एका टोकाला जाड कवचाचा बीजाणू बनवतो. तेव्हा तो ढोलाच्या टिपरीसारखा दिसतो. हा बीजाणू वर्षानुवर्षे धुळीत पडून राहतो. ७० अंशांची उष्णता त्याला लागत नाही, नुसती उकळीही पुरत नाही. त्याला मारायला दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते, जी आज प्रत्येक रुग्णालयातल्या ऑटोक्लेव्हमध्ये वापरली जाते.

चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. आम्ल वगळणे हा हाफकिन यांचा गुन्हा ठरला. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यात परके आणि ज्यू. त्यांच्या बाजूने बोलणारे सरकारात थोडेच होते. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. पण मुल्कोवालच्याच नोंदींत एक साधी गोष्ट होती. ती कुपी उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बूच काढायला वापरला गेला होता. धनुर्वाताचा जीवाणू कुपीत आधीपासून वाढत असता, तर तिला दुर्गंधी आली असती. उघडताना तशी ती आली नव्हती. आणि इतक्या थोड्या कार्बोलिक आम्लाने बीजाणू मरतही नाही. हिवताप डासांतून पसरतो हे दाखवून नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस या बाजूने ठामपणे उभे राहिले. १९०७ मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहिले. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. तोवर आयुष्याची पाच उमेदीची वर्षे गेली होती.

ते भारतात परतले, पण परळला नाही. कोलकात्यात मिळालेल्या जागेवर नव्या लशींच्या चाचण्या करायची मोकळीक त्यांना नव्हती. १९१४ च्या सुमारास ते निवृत्त होऊन फ्रान्सला गेले. शेवटची वर्षे धर्मचिंतनात घालवली, आपली संपत्ती पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशिक्षणाच्या शाळांसाठी ठेवली आणि ऑक्टोबर १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्याआधी पाच वर्षे, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले होते. ज्या दारातून त्यांना बाहेर जावे लागले, त्यावर त्यांचे नाव लागले.

मुल्कोवालच्या एकोणीस माणसांना मात्र दोषमुक्तीचा काही उपयोग नव्हता. ते मेले ते लशीने नव्हे, तर सगळे जंतू सारखेच मरतात या समजुतीने. हीच समजूत आजही घराघरांत आहे. पाणी खळखळ उकळले की पटकीचा जंतू मरतो, हे खरे. पण तेवढ्याच उकळीत बुडवून काढलेली सुई किंवा वस्तरा धनुर्वातापासून सुरक्षित होत नाही. म्हणून कान टोचताना, गोंदवून घेताना, नाळ कापताना सुई किंवा पाते नवे, बंद पाकिटातले असावे. हाताचा सॅनिटायझर बऱ्याच जंतूंना मारतो, बीजाणूंना नाही. मातीने भरलेले हात आणि जखम साबण-पाण्याने खळखळून धुवावी लागते. आणि घाटावर खिळा पायात घुसला, तर रक्त थांबले म्हणून घरी न जाता धनुर्वाताच्या लशीचा शेवटचा डोस कधी घेतला होता, ते डॉक्टरांना सांगावे. रामकुंडावर तो खिळा कितीही धुतलेला दिसला तरी.